इलेक्ट्रिक गाडी प्रथमच हाती आली आहे : डाव्या पायाचे काय करावे, आणि शनिवारी ठाण्याला जावे का?

गंगापूररोडकर

नमस्कार. माझा भाचा दोन आठवड्यांसाठी परदेशी गेला असून जाताना आपली इलेक्ट्रिक गाडी, "उभी राहण्यापेक्षा तुम्ही चालवा मामा," असे म्हणून माझ्या स्वाधीन करून गेला आहे. माझे वय ६१. इथे नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालो. गेली ३४ वर्षे क्लच आणि गिअरच्या गाड्याच चालवल्या असून सध्याची पेट्रोल गाडी १५ वर्षे दारात आहे. भाच्याच्या गाडीच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग कोणती कंपनी चांगली यावरच चर्चा होईल आणि माझे प्रश्न बाजूला राहतील. बॅटरी ४० युनिटांची आहे, एवढे सांगितले तर पुरेसे व्हावे.

पहिल्या दिवशी बटण दाबले, पण कसलाच आवाज झाला नाही. म्हणून पुन्हा दाबले, तेव्हा जी चालू झाली होती ती गाडी बंद झाली. असे तीनदा घडल्यावर आमच्या इमारतीच्या वॉचमनने काचेवर टकटक केली आणि पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली की गाडी चालू झाली असे समजायचे, हे ज्ञान मला दिले. सोमेश्वरला दर्शन घेऊन परत येताना गतिरोधक दिसला आणि जन्माच्या सवयीने डावा पाय क्लच दाबायला पुढे गेला. क्लच नव्हता, पण या गाडीचे ब्रेकचे पेडल चांगले रुंद असल्यामुळे डाव्या पायाला तेच सापडले आणि क्लच दाबावा तसे त्याने ते तळापर्यंत दाबले. गाडी जागच्या जागी थांबली आणि पत्नीच्या मांडीवरचे पेढे समोरच्या काचेवर जाऊन आदळले. पुढे उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून नुसता उचलला तरी कोणीतरी मागून शेपटी धरल्यासारखी गाडी मंदावते, हे लक्षात येईपर्यंत मागच्या स्कूटरवाल्याने माझा यथेच्छ उद्धार केला होता.

माझे प्रश्न दोन आहेत. या गाडीची सवय पायांना कशी लावावी? आणि शनिवारी मुलीकडे ठाण्याला जायचे आहे. इथून सुमारे दीडशे किलोमीटर जाऊन रविवारी कसारा घाट चढून परत यायचे आहे. पडद्यावर पूर्ण बॅटरीला २९० किलोमीटर दिसतात. हा भरवसा धरावा, की मुकाट्याने जुनी गाडी काढावी?

सिन्नरफाटा

डाव्या पायाला सुट्टी द्या. आसनावर बसल्याबरोबर तो टाचेसकट मागे घ्यायचा आणि गाडीतून उतरेपर्यंत तो आपला नाही असे समजायचे. मी पहिले चार दिवस डाव्या पायातली चप्पल काढून ठेवत असे. अनवाणी पाय पुढे गेला की गार रबर लागून चूक ध्यानात येई. हसण्यासारखी युक्ती आहे, पण मला उपयोगी पडली.

द्वारका सर्कल

द्वारकेच्या चौकात संध्याकाळी सहा वाजता क्लच अर्धा दाबून ज्याने अर्धा तास काढला आहे, त्याच्या डाव्या गुडघ्याला या गाडीचे मोल विचारावे. बाकी चर्चा नंतर.

म्हसरूळची शिक्षिका

मी तीन वर्षांपासून रोज ३४ किलोमीटर इलेक्ट्रिक गाडी चालवते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर देते.

पाय उचलल्यावर गाडी मंदावते त्याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. बोलताना सगळे नुसते 'रीजन' म्हणतात. एरवी जी मोटर चाके फिरवते, तिलाच त्या वेळी चाके फिरवतात. ती जनित्रासारखी वीज तयार करते, ती वीज बॅटरीत जाते आणि त्या ओढीने गाडीचा वेग कमी होतो. बहुतेक गाड्यांत याच्या दोन-तीन पातळ्या असतात. आपण पहिले दोन दिवस सर्वांत कमी पातळी ठेवावी, म्हणजे गाडी जवळजवळ आपल्या जुन्या गाडीसारखी वाहत जाईल. मग एक पातळी वाढवावी आणि पाय झटकन उचलण्याऐवजी हार्मोनियमचा भाता सोडावा तसा हळूहळू उचलायला शिकावे. आठवड्याभरात पुढच्या सिग्नलपर्यंतचे अंतर डोळा मोजतो आणि पाय आपोआप तेवढाच उठतो.

दोन सावधगिऱ्या मात्र सांगितल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे, रीजनने गाडी जोरात मंदावली तर मागचे ब्रेकचे दिवे आपोआप लागतात, पण हलक्या मंदनात ते लागतीलच असे नाही. म्हणून मागच्या वाहनाला सूचना मिळावी यासाठी मी ब्रेकवर पाय अलगद टेकवते. दुसरी सावधगिरी आवाजाची. मेन रोडवर किंवा भांडी बाजारात आपली गाडी पाठीमागे आली आहे हे माणसांना कळतच नाही. ती बाजूला होत नाहीत यात त्यांचा दोष नसतो, कारण आयुष्यभर त्यांनी कानांनी रस्ता ओलांडलेला असतो. तिथे चालत्या माणसाच्या वेगाने जावे आणि हॉर्न वाजवून कोणाला दचकवू नये.

आणखी एक. या मोटरची पूर्ण ओढ सुरुवातीपासूनच मिळते, इंजिनासारखी हळूहळू चढत नाही. पावसात चौकातून निघताना घाईने पाय दाबला तर पुढची चाके जागीच फिरतात. इको मोडमध्ये ठेवा. पंधरा दिवस तरी स्पोर्ट मोडला हात लावू नका.

ताशी ऐंशी

एका साध्या गाडीसाठी एवढे शिक्षण? आमच्या गाडीत पेट्रोल भरायला पाच मिनिटे लागतात आणि ते भरताना हार्मोनियम येण्याची अट नसते.

घोटी टोल

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण कामासाठी मी जवळजवळ दर आठवड्याला भिवंडीला इलेक्ट्रिक गाडीनेच जातो.

पडद्यावरचा २९० हा आकडा म्हणजे गेल्या काही दिवसांच्या चालवण्यावरून गाडीने बांधलेला अंदाज असतो, ते वचन नव्हे. आपण या आठवड्यात शहरात चाळीस-पन्नासच्या वेगाने फिरलात म्हणून तो एवढा दिसतो. महामार्गावर शंभरने गेलात तर तोच अंदाज डोळ्यांदेखत खाली येईल. इगतपुरीहून समृद्धी महामार्ग धरण्याचा मोह होतो. ५ जून २०२५ रोजी भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट चुकवून जाता येते, आणि २०२५ च्या राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात या महामार्गावर अशा गाड्यांना टोलमाफीही जाहीर झालेली आहे. फास्टॅगचा संदेश मात्र तपासून पाहावा. परंतु तिथे सपाटीवर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १२० ने गेल्यास तो सव्वादोन पट होतो. रस्ता कोणताही घ्या, ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर जाऊ नका.

फास्ट चार्जरबाबत माझा नियम असा आहे की, जिथे एकच चार्जर आहे ते ठिकाण मी हिशेबात धरत नाही. दोन किंवा अधिक गन (गाडीला जोडायची चार्जरची तोंडे) असलेली दोन ठिकाणे आधी हेरून ठेवावीत आणि दुसऱ्या ठिकाणापर्यंत पुरेल एवढी बॅटरी शिल्लक असतानाच पहिल्या ठिकाणी वळावे. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे आणि प्रत्येकात आगाऊ पैसे भरायचे, हा जाच आहेच. ही ॲप्स घरी बसून शांतपणे घालून घ्या. शहापूरला उन्हात उभे राहून पासवर्ड आठवत बसण्यात काही सुख नाही.

उतारावरचा

घाटाचा बाऊ फार केला जातो, म्हणून आकडे मांडतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि ठाणे जवळजवळ समुद्रसपाटीलाच. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,७०० किलो मानू. एवढे वजन ५९० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे १,७०० गुणिले ९.८ गुणिले ५९०, अर्थात सुमारे ९८ लाख ज्यूल. एक युनिट ३६ लाख ज्यूलचे असते, म्हणून हे झाले पावणेतीन युनिट. केवळ कसारा घाटाची सुमारे ३०० मीटरची चढण घेतली तर दीड युनिटही भरत नाही. ज्या घाटात आपल्या पूर्वीच्या गाड्यांचे रेडिएटर उकळत, त्याची किंमत घरच्या मीटरवर पंधरा-वीस रुपये आहे.

सपाट रस्त्यावर संयमाने चालवल्यास १०० किलोमीटरला १४ युनिट धरू. दीडशे किलोमीटरला २१ झाले. जाताना उतार आपल्या बाजूने असल्यामुळे १९ च्या आसपास लागतील आणि येताना मोटरमधला तोटा धरून २४. दोन्ही मिळून ४३. बॅटरी ४० ची. तेव्हा न भरता जाऊन येणे शक्य नाही, पण मध्ये एकदा अर्धा-पाऊण तास थांबलात तर निवांत जमेल. जाताना अजिबात थांबू नका, येताना घाटाच्या पायथ्याआधी भरा. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरावी, कारण त्यापुढे चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जातो आणि शेवटच्या वीस टक्क्यांसाठी उगाच ताटकळावे लागते.

इगतपुरीचे धुके

उतारावरचे यांच्या हिशेबाला एक शेपूट जोडतो. आमचे घर घाटाच्या डोक्यावर आहे. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रात्रभर चार्जिंग करून १०० टक्के भरलेल्या बॅटरीने सकाळी कसाऱ्याकडे उतरलो. पाय उचलला तरी रीजन लागेना. मला वाटले गाडी बिघडली. नंतर कळले की भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून गाडी रीजन बंद करते किंवा अगदी कमी करते. रीजनची सवय लागलेला पाय अशा वेळी फसतो. त्या दिवशी सगळा घाट ब्रेकवर उतरलो आणि तेव्हापासून मुंबईकडे निघायचे असेल तर ९० च्या पुढे भरत नाही. धागाकर्ते गंगापूररोडकर नाशिकहून निघणार असल्यामुळे घाटापर्यंत त्यांची बॅटरी बरीच रिकामी झालेली असेल. त्यांना ही अडचण येणार नाही. मात्र पावसात आणि धुक्यात रीजन मधल्या पातळीवर ठेवावे, ओल्या वळणावर एकदम ओढ बसणे बरे नव्हे.

निफाडकर

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा किती उतरतो ते नाशिककरांना सांगायला नको. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या कराव्या लागतात. अशा थंडीत थंडगार बॅटरी वीज चटकन स्वीकारत नाही, त्यामुळे पहिली काही किलोमीटर रीजन कमी लागते आणि पल्लाही घटतो. पिंपळगावच्या बाजार समितीपर्यंत पोहोचेपर्यंत सर्व पूर्ववत होते.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातल्यांसाठी. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नका. तो दर शेतीसाठी आहे. तपासणीत सापडल्यास विजेचा गैरवापर ठरतो. एका नातेवाइकाला मी हे वेळेवर सांगितले आणि तो आजही माझ्यावर रागावलेला आहे.

एकलहरेवाला

मी उभी नोकरी वीजनिर्मितीत काढली. सर्व जण बॅटरी, उतार आणि पेढे यांवर बोलत आहेत, पण वीज कुठून येते हे कोणी बोलत नाही. एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि ते कोळशावर चालतात. हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्यांचा धूर गंगापूर रोडवर दिसत नाही, एवढेच. तो आमच्या गावाच्या डोक्यावर चिमणीतून निघतो. ज्यांना गाडी आवडते त्यांनी ती जरूर चालवावी, पण तिला 'शून्य प्रदूषण' म्हणू नये.

उतारावरचा

एकलहरेवाले यांचा मुद्दा योग्य आहे आणि तो आकड्यांत मांडला तर अधिक स्पष्ट होईल. देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चार्जिंगमधला तोटा धरून किलोमीटरला ०.१६ युनिट लागतात, म्हणजे किलोमीटरमागे ११० ते ११५ ग्रॅम. पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १५ चे मायलेज धरल्यास किलोमीटरला १५० ग्रॅमच्या थोडे वर, आणि यात तेलशुद्धीकरणाचा व टँकरचा धूर धरलेला नाही. तेव्हा फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. दुपारी सौरऊर्जा भरपूर असताना गाडी भरली तर तो वाढेल. रात्री भरणाऱ्यांनी फार टेंभा मिरवू नये. मी स्वतः रात्रीच भरतो.

एकलहरेवाला

हिशेब मान्य आहे. धूर आमच्या वाट्याला येतो हा मुद्दा मात्र आकड्यांत बसत नाही, तेवढा तसाच राहू द्यावा.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस रीजनची कमी पातळी ठेवून सराव केला. पहाटे सव्वापाचला मोकळ्या रस्त्याने त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन आलो. सिन्नरफाटा यांची चप्पलेची युक्ती पत्नीला फार आवडली आणि तिने माझ्या डाव्या चप्पलेची रवानगी थेट डिकीत केली. काल संपूर्ण दिवसात डावा पाय एकदाच पुढे गेला.

सध्या चार्जिंगची व्यवस्था विचित्र आहे. भाच्याच्या पाथर्डी फाट्याच्या बंगल्यावर भिंतीला ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवलेला आहे. मी रात्री तिथे गाडी लावतो, रिक्षाने घरी येतो आणि सकाळी पुन्हा रिक्षाने गाडी आणायला जातो. वाचलेले पेट्रोल रिक्षावाल्याला पोहोचते. गाडीसोबत साध्या सॉकेटला लावायची एक केबलही आहे. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पंपाच्या खोलीजवळ एक सॉकेट आहे. तिथून लांब बोर्ड ओढून काम भागवावे का?

अर्थिंगवाला

भागवू नये. मी परवानाधारक वायरमन आहे आणि जळालेले सॉकेट पाहून पाहून हे लिहितो आहे.

ती केबल १५ अँपिअरच्या सॉकेटसाठी असते आणि साधारण तीन किलोवॅटचा भार घेते. तीन किलोवॅट ऐकून कोणी घाबरत नाही, कारण गीझरही तेवढाच घेतो. पण गीझर पंधरा मिनिटे चालतो आणि ही गाडी तेरा-चौदा तास. सैल बसलेली पिन आणि हलके सॉकेट पंधरा मिनिटे सहन करतात. चौथ्या तासाला प्लॅस्टिक मऊ होते, सहाव्या तासाला वास येतो आणि तोपर्यंत आपण झोपलेले असता. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच नको, गुंडाळलेल्या वायरचा तर मुळीच नको.

मीटरपासून स्वतंत्र वायर ओढावी, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची, अंतर जास्त असल्यास त्याहून जाड. तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की ती तोडणारा स्विच) हवा. सॉकेट औद्योगिक प्रकारचे घ्यावे. आणि अर्थिंग. गाडीच्या केबलवर लाल दिवा लागला की लोक कंपनीला फोन करतात. दहांत आठ वेळा दोष घरच्या अर्थिंगचा असतो. आपल्याकडे वरचा मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण, त्यामुळे उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. वडील मंडळी हे करत असत; आपण वर फरशी बसवून खड्डाच विसरलो.

शिवाय महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल का ते पाहावे. वापर तीनशे युनिटांच्या पुढे गेला की वरच्या स्लॅबचा दर लागतो, तोही हिशेबात धरावा.

द्वारका सर्कल

अवांतर : पावसाळ्यात सराफ बाजारात पाणी शिरते तेव्हा या गाडीचे काय होते? आमच्याकडे एक जण सांगत होता की बॅटरी पाण्यात बुडाली तरी चालते.

इगतपुरीचे धुके

आयपी ६७ या दर्जाचा अर्थ असा की, बॅटरीची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून पाणी आत शिरले नाही अशी चाचणी झालेली असते. ती चाचणी स्थिर पाण्यातली आहे; गोदावरीच्या पुरातून गाडी नेण्याचा तो परवाना नव्हे. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आले की गाडी उंचावर नेऊन ठेवावी, मग ती पेट्रोलची असो वा विजेची.

ताशी ऐंशी

आता गंभीरपणे लिहितो. धागाकर्त्यांचा सूर पाहता गाडी परत देताना ते स्वतःची घेण्याच्या विचारात असणार, म्हणून सावध करतो. पेट्रोल शंभरीपार आहे. १५ च्या मायलेजला किलोमीटरमागे सात रुपये पडतात. घरच्या विजेवर पावणेदोन ते दोन रुपये. म्हणजे किलोमीटरला पाच रुपयांची बचत. निवृत्त माणूस वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरतो असे धरले तर वर्षाची बचत तीस हजार. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन-चार लाख जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल आणि बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते. फास्ट चार्जरचा दर घरच्या साधारण दुप्पट, म्हणजे बाहेर भरल्यास बचत आणखी कमी. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याने ही गाडी घ्यावी. बाकीच्यांनी ती बाळगणाऱ्या भाच्याकडून अधूनमधून मागून घ्यावी.

म्हसरूळची शिक्षिका

ताशी ऐंशी यांचा हिशेब बरोबर आहे आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी सहमत व्हावे लागत आहे याचे दुःख आहे. एक भर घालते : गाडी जुनी काढून नवी घ्यायचीच असेल तर हा तीन-चार लाखांचा फरक पाहावा, चालती गाडी केवळ विजेच्या हौसेने काढू नये. मात्र मी दिवसाला ३४ किलोमीटरच चालवते, तरी मला ती परवडते, कारण माझे घर स्वतंत्र आहे आणि पार्किंगपासून मीटर चार पावलांवर आहे. माझ्या मैत्रिणीने तीच गाडी घेतली आणि सोसायटीत चार्जिंगची सोय नसल्यामुळे आठवड्यातून दोनदा फास्ट चार्जरवर चाळीस-चाळीस मिनिटे वह्या तपासत बसते. गाडी एकच, पण आमचे अनुभव इतके वेगळे आहेत की आम्ही तो विषय काढत नाही.

सिन्नरफाटा

एक किरकोळ पण उपयुक्त सूचना. या गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक साधी बॅटरीही असते आणि दरवाजे, पडदा, संगणक तिच्यावर चालतात. माझी मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असताना छोटीने मान टाकली आणि गाडी जागची हलेना. अशा वेळी दोरीने ओढू नका. चाके फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करते. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

गंगापूररोडकर

ठाण्याहून काल रात्री परतलो. कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत देतो.

शनिवारी सकाळी सहाला १०० टक्क्यांवर निघालो. वेग ऐंशीच्या आसपास ठेवला, आणि जुन्याच रस्त्याने गेलो, कारण मला घाट अनुभवायचा होता. घाटमाथ्यावर ८२ टक्के होते. रीजन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवून उतरलो, ब्रेकला चार-पाच वेळाच पाय लावला आणि कसाऱ्याला पोहोचलो तेव्हा ८३ होते. एका टक्क्याचा तो लाभ पाहून मला जो आनंद झाला तो पहिल्या पगाराच्या वेळीही झाला नव्हता. पत्नीचे म्हणणे असे की, हे मी ठाण्यात चौघांना सांगितले आणि चौघांनीही विषय बदलला. मुलीच्या दारात ५३ टक्के उरले. उतारावरचे यांनी १९ युनिट सांगितले होते, तेवढेच लागले.

मुलीच्या सोसायटीत साधे सॉकेट मागितले तर सुरक्षारक्षकाने पत्र आणायला सांगितले, म्हणून तो नाद सोडला. रविवारी परत येताना शहापूरच्या अलीकडे ३४ टक्क्यांवर थांबलो. दोन गनपैकी एक बंद होती आणि दुसऱ्या गनवर एक गाडी लागलेली होती. पंचवीस मिनिटे वाट पाहिली. ही पंचवीस मिनिटे मात्र मला खरोखर जड गेली, कारण पेट्रोल पंपावरची रांग पुढे सरकताना दिसते, इथे काहीच सरकत नाही. घोटी टोल यांच्या सांगण्यानुसार दुसरे ठिकाण हेरलेले होते म्हणून धीर टिकला. नंतर बेचाळीस मिनिटांत ८० टक्के झाले. घाट चढताना एका ट्रकला मागे टाकले, ते इतक्या सहज की मीच दचकलो. आमची जुनी गाडी तिथे दुसऱ्या गिअरमध्ये रडते. घरी ३७ टक्क्यांवर पोहोचलो.

आज सकाळी सवय मोडू नये म्हणून जुनी गाडी बाहेर काढली आणि जेहान सर्कलला सिग्नलवर थांबताना क्लच दाबायचाच विसरलो. गाडी आचका देऊन बंद पडली. मागे पुन्हा स्कूटरवालाच होता.

ताशी ऐंशी यांचा हिशेब वहीत उतरवून ठेवला आहे. माझे फिरणे वर्षाला आठ हजार किलोमीटरपर्यंत जाते, तरी वसुलीला साडेसात ते दहा वर्षे लागतातच, हे पत्नीला दाखवले. तिचा प्रश्न असा की, पंधरा वर्षांच्या गाडीनंतर नवी घ्यायचीच आहे तर हिशेब कोणासाठी चालला आहे. त्यामुळे सध्या अडचण उरली आहे ती चार्जिंगच्या सोयीचीच.

अर्थिंगवाला

स्वतःच्या घरगुती मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करण्यास केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुभा आहे. सोसायटीशी प्रश्न येतो तो सामाईक जागेतून वायर नेण्याचा. अर्जासोबत वायरचा नकाशा आणि परवानाधारकाचे पत्र जोडल्यास निम्मे आक्षेप गळून पडतात. आपल्या पार्किंगपासून मीटर किती अंतरावर आहे?

गंगापूररोडकर

बावीस मीटर. मध्ये दोन खांब आणि एक सचिव आहेत.

अर्थिंगवाला

खांबांचे मी पाहतो.